आठ दिवसांच्या बोलीवर आणलेली लेन्स

बायको गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. लेन्सचा. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, आणि खरं वाटलं तर बरं वाटत नाही. पण सकाळी उठलो की लेन्स, दाढी करताना लेन्स. कुणी दारात येऊन डोळ्याला पदर लावून बसलं की त्या बाईच्या खांद्यावरून पलीकडे बघत मी मनातल्या मनात लेन्सची लांबी मोजायचो. दुःखानं माणूस वेडा होतो म्हणतात. मी वेडा झालो नव्हतो, बधिर झालो होतो. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतात, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. त्यात एवढा एकच प्रश्न जागा होता, घ्यावी की न घ्यावी.

इस्लामपुरात आमचा स्टुडिओ होता. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि फोटो हलायचा, म्हणून गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं, मान सरळ केली, की मी खिडकीतून खाली ओरडायचो, "दोन मिनिटं बंद कर रं!" गिरणी थांबायची, मी फोटो काढायचो, गिरणी पुन्हा सुरू. साखर कारखान्यात नव्यानं लागलेली माणसं, रजेवर आलेले फौजी, लग्नाला आलेल्या मुली, सगळ्यांचे फोटो त्या दोन मिनिटांत निघालेले आहेत.

फोटो मी काढायचो, पण माणसं देखणी करायची ती बायको. रिटचिंग तिच्याकडे होतं. उत्तरेच्या खिडकीपाशी उतरत्या फळीचं एक छोटं डेस्क होतं. त्याच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं एकेक ठिपका देत बसायचं. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळं ती भरून काढायची. लग्न करून आली तेव्हा तिला फोटो कशाशी खातात हे माहीत नव्हतं, आणि चार वर्षांत ती माझ्या वर गेली. वाळवा तालुक्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं आपल्या पेन्सिलीनं जमवली असं ती म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

भाद्रपदात तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध दिलं, मग मिरजेला दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे म्हणून भटजींनी विचारलं, आणि तेव्हा कळलं की घरात तिचा एकही फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी कितीदा म्हटलं होतं, बस एकदा स्टुलावर. ती म्हणायची, "माझा काढला तर रिटच कोण करणार?" पाटावर शेवटी नुसती सुपारी ठेवली. सासूबाई त्या सुपारीकडे बराच वेळ बघत होत्या हे मी पाहिलं.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. नुकतीच पहिलीत घातली होती. सासूबाई तेरावं उरकून तिला रहिमतपूरला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "जरा सावरा आन् मग घेऊन जावा, जावईबापू. पोर कुठं पळून जात न्हाई." मी मान हलवली. एस्टी सुटली तेव्हा मुलगी खिडकीतून बघत होती. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गाडी वळल्यावर मी चहा प्यायला गेलो.

मागे राहिलं ते डेस्क. निगेटिव्ह साठत गेल्या आणि मी त्या डेस्कापाशी बसेना. तशाच छापून द्यायला लागलो. माणसं तक्रार घेऊन यायची. एक जण मुलीचा फोटो माझ्यापुढे आपटून म्हणाला, "ह्यो डाग कुठनं आला?" मी म्हटलं, "तिच्या गालावरून." तो चिडला आणि मी शांत बसून राहिलो, तेव्हा तो आणखी चिडला. एरवी मी भांडकुदळ माणूस. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात माझा हात धरणारा नव्हता. पण त्या दिवसांत भांडायलासुद्धा आतून काहीतरी लागतं असं लक्षात आलं.

अशातच एक दिवस मनात आलं, की पैलवानाच्या फोटोला रिटचिंग लागत नाही.

कुस्त्यांचे फोटो मी आधीही काढायचो, हौसेनं. आमच्या भागात जत्रा म्हटली की मैदान आलंच. आदल्या वर्षीचा दुष्काळ ओसरला होता, पहिलं बरं पीक हाती आलं होतं, आणि गावांनी राहिलेल्या जत्रांची भरपाई केल्यासारखी मोठमोठी मैदानं नेमली होती. पण मैदानाची एक रीत आहे. लहान पोरांच्या कुस्त्या दुपारी लागतात, आणि ज्या कुस्तीसाठी वीस गावं लोटतात ती एक नंबरची कुस्ती सगळ्यांत शेवटी, दिवस मावळताना. माझ्याकडे होती ती लहान लेन्स तेवढ्या उजेडात आंधळी व्हायची. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, जवळ जावं, तर मागचे लोक "फोटोवालं, खाली बसा!" म्हणून खडे मारायचे. म्हणून आम्ही फोटोवाले काय करायचो, कुस्ती लागायच्या आधी दोघा पैलवानांना हातात हात देऊन उभं करायचो आणि तो फोटो विकायचो. खरी कुस्ती, म्हणजे पाठ मातीला लागते तो क्षण, कुणाकडेच नसायचा.

त्याला पाहिजे होती लांबून ओढून घेणारी, मोठ्या तोंडाची, जड लेन्स. तशी एकच मला माहीत होती. सांगलीत एका म्हाताऱ्या फोटोग्राफराकडे. संस्थानांच्या काळात त्यानं ती मिळवली होती, जर्मन बनावटीची. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो ती विकणार आहे असं कानावर आलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात रहिमतपूरहून कार्ड आलं. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, पण बोल त्यांचेच होते. पोरीची शाळा बुडते आहे. इथले मास्तर घ्यायला तयार आहेत, पण इस्लामपूरच्या शाळेचा दाखला पाहिजे. औंधच्या यात्रेला आम्ही पोरीला घेऊन यमाईच्या दर्शनाला येणार आहोत, तुम्हीही या. येताना एक तर दाखला आणा, नाहीतर पोरीला न्यायच्या तयारीनं या.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दाखला काढला. असू द्यावा जवळ म्हणून. निदान हेडमास्तरांना मी तसं सांगितलं.

गोष्ट सरळ होती, आणि ती मला तेव्हाही दिसत होती. अशी लेन्स कपाटात ठेवायला कुणी घेत नाही. ती घ्यायची म्हणजे पौषापासून वैशाखापर्यंत आज औंध, परवा खानापूर, मग आटपाडी, असं हिंडायचं. स्टुडिओला कुलूप. घर बंद, म्हणजे मुलगी आजोळी. आणि लेन्स घ्यायची नाही, म्हणजे उत्तरेच्या खिडकीपाशी बसायचं, सकाळी मुलीची वेणी घालायची, दोघांच्या भाकरी थापायच्या, आणि रोज संध्याकाळी थेट आईवर गेलेलं ते तोंड समोर घेऊन जेवायचं. मला वाटत होतं की हे माझ्याच्यानं होणार नाही. वाटत होतं म्हणजे दुःख होत होतं असं नाही. एखादं ओझं उचलण्याआधीच आपल्याला कळतं ना, हे आपल्याला पेलणार नाही, तसं.

सांगलीला गेलो तेव्हा म्हातारा उन्हात बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं माझ्या आवाजाकडे तोंड केलं. बायकोचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "लय वाईट झालं गड्या. तिचं रिटचिंग मी बघितलंय. हात हलका हुता." मी म्हटलं, "लेन्स बघायची होती." तो उठला आणि आत जाऊन लाकडी पेटी घेऊन आला.

पेटीला आतून जांभळी मखमल होती. लेन्स काढून हातात घेतली आणि मनगट खाली गेलं. माझा कॅमेरा तिच्यापुढे खेळण्यासारखा दिसायला लागला. पुढचं काचेचं तोंड वाटीएवढं. मी ती कॅमेऱ्यावर चढवून डोळ्याला लावली, आणि रस्त्याच्या टोकाला दुकानात बसलेला शिंपी एकदम पुढ्यात आला. सुईत दोरा ओवताना त्यानं जिभेचं टोक बाहेर काढलं होतं ते दिसलं. त्याला पत्ता नव्हता. माझा आणि त्याचा काही संबंध नव्हता. कित्येक आठवड्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"घेतो," मी म्हणालो.

"घाई करू नगंस," म्हातारा म्हणाला. "आठ दिवस घेऊन जा. एक मैदान कर. शेवटच्या कुस्तीला लावून बघ. ही बाई जड हाय, समद्यांना सोसत न्हाई. आठ दिवसांनी ये आन् हाय का न्हाई ते सांग."

त्याच्या शब्दावर मी पेटी उचलली. आमच्या धंद्यात कागद नव्हता, आठ दिवस म्हणजे आठ दिवस.

औंधच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडी यात्रेच्या माणसांनी खच्चून भरलेली. कंडक्टरनं पेटीकडे बघून विचारलं, "ह्याचं हाफ काढू का?" सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं. दाखला सदऱ्याच्या खिशात होता. एखाद्या बाळाला धरावं तशी मी ती पेटी दोन्ही हातांनी धरली होती हे त्या कंडक्टरला दिसलं, मला दिसलं नव्हतं.

ठरलं असं होतं, की दिवस कलायच्या सुमाराला डोंगराच्या पायथ्याला, जिथून देवळाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, कासारांच्या दुकानांपाशी भेटायचं. सासूबाई दर्शन घेऊन खाली उतरणार होत्या. मैदान जवळच होतं. मला हौद्यापासून लांब पण उंच जागा पाहिजे होती. एक मातीचा बांध सापडला. तिथून एका अंगाला मैदान दिसायचं आणि दुसऱ्या अंगाला, शंभरएक पावलांवर, त्या पायऱ्या. मी मुद्दाम तशी जागा निवडली का, हे मला आजही सांगता येत नाही.

बांधावर स्टँड उभं केलं, लेन्स चढवली, आणि भोवती माणसं गोळा झाली. ही दुर्बीण आहे अशी सगळ्यांची खात्री. एका म्हातारीला त्यातून वरचं देऊळ बघायचं होतं, तिला दाखवलं. तिनं लेन्सलाच हात जोडले. मग एक धनगर पुढे आला, माणदेशाकडचा. म्हणाला, "माझी मेंढरं हायती का बगा की पल्याडच्या माळावं." मी नळी फिरवली. माळावर पांढरेकाळे ठिपके होते ते मेंढरं झाले, त्यांच्यामागे काठीवर रेलून बसलेली एक बाईही दिसली. मी म्हटलं, "तुम्हीच बघा." त्यानं एक डोळा मिटून बघितलं आणि मागे सरकला. "ती म्होरं तुटक्या कानाची हाय, ती लंगडी हाय. पन ते मला हितनं दिसतंयच की. ह्यात नुसतं थोर दिसतंय," असं म्हणून तो पागोटं सारखं करत निघून गेला. मला त्याचा जरा रागच आला.

कुस्त्या लागत होत्या. हलगी वाजत होती. मी काही फोटो काढले. दिवस कलला. मी लेन्स पायऱ्यांकडे फिरवली.

त्या दोघी आल्या होत्या. सासूबाई तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभ्या होत्या आणि कासारांच्या दुकानांकडच्या गर्दीत एकेक तोंड निरखत होत्या. मुलीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. मुलीला निळा फ्रॉक घातला होता. केस तेल लावून चापून बसवले होते, तिची आई कधीच तसे बसवायची नाही. सूर्य माझ्या पाठीशी होता, उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला होता. फार चांगला उजेड होता. मी कडं फिरवून फोकस नीट केला.

जायला हवं होतं. शंभर पावलं. शेवटच्या कुस्तीला अजून अवकाश होता, आजूबाजूच्या एखाद्याला लेन्सवर लक्ष ठेवायला सांगून मी जाऊन येऊ शकलो असतो. मी गेलो नाही. मी बघत राहिलो. माझ्या डोळ्यासमोर ती अख्खी उभी होती, डोक्यापासून चपलांपर्यंत, आणि मला तिच्याशी एक शब्द बोलावा लागत नव्हता. ती काय विचारेल, तिला काय सांगायचं, काही नाही. फ्रॉकचं वरचं बटण तुटलेलं दिसत होतं.

मग तिनं मान वळवली आणि थेट लेन्सकडे बघितल्यासारखं केलं. कॅमेऱ्यात असं होतं, माणूस भलतीकडेच बघत असतं आणि आपल्याला वाटतं आपल्याकडे बघतंय. तिनं मोकळा हात वर केला. ऊन डोळ्यावर येतंय म्हणून आडोसा धरते आहे असं मी समजलो. हात बराच वेळ वर होता. मग तो खाली आला, तिचा खालचा ओठ पुढे आला, आणि ती रडायला लागली. आवाज अर्थातच येत नव्हता. सासूबाई वाकून तिला काहीतरी म्हणाल्या, आणि ती मान हलवून नाही नाही म्हणत होती.

मी बटण दाबलं. एकदाच.

तेवढ्यात मैदानात आरोळी उठली. एक नंबरची कुस्ती पुकारली होती. मी लेन्स फिरवली. पुढची पंधरा मिनिटं मला दुसरं काही माहीत नाही. उजेड उतरत होता, पोरगेला पैलवान थोराड पैलवानाखाली दबला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि त्यानं एकाएकी ढाक मारली, वरच्या गड्याला अंगावरून उलटा फेकला. थोराडाचे दोन्ही पाय आभाळाकडे, पाठ जमिनीपासून वीतभर वर, माती उडालेली. तिथे मी बटण दाबलं. दाबतानाच मला कळलं की हा फोटो आला.

पागोटी हवेत उडाली, लोक हौद्यात घुसले. मी लेन्स परत पायऱ्यांकडे वळवली तेव्हा तिथे दुसरीच माणसं होती.

इस्लामपूरला येऊन रोल धुतला. ढाकेचा फोटो मोठा करून गिरणीच्या दारात लावला. गिरणीवाल्यानं आपणहून गिरणी बंद केली. लोक येऊन उभे राहत होते. कुणी म्हणालं हे पुण्याच्या मासिकाला पाठवा, कुणी म्हणालं असा फोटो आपल्या भागात कुणाच्या बापानं काढला नव्हता. मला त्यांचं म्हणणं पटत होतं.

त्याच रोलमधला दुसरा फोटोही मी मोठा केला. मुलीचा. फक्त लेन्स पारखायची म्हणून. कागद औषधाच्या पाण्यात हलवत राहिलो आणि हळूहळू तिचं रडतं तोंड वर आलं. चित्र कुठेही फुटलं नव्हतं. दात नुकता पडलेला, त्याची फट दिसत होती. मी भिंग घेऊन कडा तपासल्या. एवढ्या लांबून, त्या उजेडात, एवढं स्वच्छ. मनात म्हटलं, लेन्सला तोड नाही. आपलं मूल रडतंय हे मला दिसत होतं, पण ते बघून जे व्हायला पाहिजे ते होत नव्हतं. मी फोटो वाळत टाकला, हात पुसले, आणि ठरवून टाकलं. लेन्स घ्यायची.

आठव्या दिवशी सकाळी निघालो. आधी रहिमतपूरला उतरायचं, सासूबाईंच्या हातात दाखला द्यायचा, आणि तिथून गाडीनं सांगलीला जाऊन म्हाताऱ्याला होकार कळवायचा, असा बेत होता. उरलेल्या जत्रांची यादी खिशात होती.

सासूबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं. "आवं, औंधाला किती येळ हुबं ऱ्हायलो आमी. पोर रडून रडून लाल झाली. कुठं व्हता?"

"गर्दीत दिसलाच नाहीत," मी म्हणालो. "मीही शोधत होतो. मग कुस्ती लागली."

"व्हय, गर्दी लय व्हती," त्या म्हणाल्या. त्यांनी एवढ्या सहज विश्वास ठेवला की मला पुढचं खोटं रचावं लागलं नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या.

मुलगी चौकटीला धरून उभी होती. ती येऊन पेटीपाशी बसली. हात लावला नाही, नुसती बसली.

"ह्यात ती नळी हाय?" तिनं विचारलं. चार महिन्यांत तिची बोली आजोळची झाली होती.

"कुठली?"

"बांधावं व्हती ती."

मी पेटी जरा माझ्याकडे ओढली.

"तुमी बांधावं व्हता. मला तुमी दिसला. मी हात केलता," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, आत जाऊ नये असा. "मग तुमी नळी माज्याकडंच धरली, तशीच."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

"मी आजीला न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "ती तुमाला बोलली असती." मग तिनं विचारलं, "बाबा, त्यातनं मी दिसत न्हवते?"

"दिसत होतीस," मी म्हणालो.

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडूही नव्हतं. दिसत होतीस, आणि मग काय, एवढंच तिला पाहिजे होतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या छातीत एकदम कळ आली, इतकी की मी जमिनीला हात टेकला. सुईचा असर उतरताना दाढ ठणकायला लागते, तसं. भाद्रपदापासूनचं सगळं त्या सोप्यात एकदम ठणकायला लागलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "दाखला आणलाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "नाही," मी म्हणालो. "हिला न्यायला आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. त्या आत गेल्या आणि दोरीवरचे फ्रॉक काढून पिशवीत भरायला लागल्या. निळा फ्रॉक घालताना त्यांनी त्याचं बटण शोधलं, सापडलं नाही, तसाच भरला. निघताना मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मला म्हणाल्या, "रोज डोस्कं इंचरा हिचं. उवा हुत्यात."

सांगलीपर्यंत ती खिडकीपाशी बसली होती. आमच्या दोघांच्या मध्ये पेटी होती. तिनं बाहेर दिसणारे ऊसतोडीचे फड मोजले, मग मोजायचं सोडून दिलं.

म्हातारा तसाच उन्हात बसलेला. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"फोटो न्हाई आला व्हय?"

"आला. आजवर असा काढला नव्हता."

"मग न्हाई का म्हनतोस?"

मला पुष्कळ कारणं सांगता आली असती. मी म्हटलं, "मला सोसायची नाही."

त्यानं मान डोलावली. बाजूला कुणीतरी लहान उभं आहे हे त्याला अंधुक दिसलं असावं. त्यानं हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि पेटीचं झाकण चाचपून बंद केलं.

बाहेर पडलो. आठवड्याचा बाजार होता, रस्त्यात गुळाच्या गाड्या, माणसं, सायकली. एका हातात तिच्या कपड्यांची पिशवी होती, दुसरा हात आता मोकळा होता. तो मी तिच्यापुढे केला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. स्टँडपर्यंत आम्ही तसेच गेलो.